सोळाशे सहा किलो पाणी

अठरा मे, रविवार. चार हजार एकशे वीस किलो लाकूड, किलोला पाच रुपये, एकूण वीस हजार सहाशे. हजर: गावकीचा अध्यक्ष जनार्दन, खजिनदार म्हणून मी, गाडीचा चालक, आणि तू. पावतीवर सह्या तीन आहेत. चौथी जागा मोकळी आहे, कारण तू माझं पेन हातात घेतलंस, टोपण लावलंस, परत माझ्या खिशाला अडकवलंस आणि म्हणालास, "पान्याच्या पावतीवर मी सही नाय करीत."

हसूकाका, तुला जाऊन आज पंचवीस दिवस झाले. ती पावती समोर ठेवून लिहायला बसलो आहे. आपल्याकडे बापालाही अरेतुरे करतात, म्हणून लिहितानाही तुला तूच म्हणतो. 'आपण' लिहिलं असतं तर तू मागे वळून बघितलं असतंस, कोण पाहुणा आला म्हणून.

तू काय करायचास हे आता आसपासच्या नव्या इमारतींतल्या लोकांना समजावून सांगावं लागतं, म्हणून एकदा नीट लिहून ठेवतो. पनवेलच्या कडेचं आपलं गाव चारी बाजूंनी शहरानं गिळलं, तरी खाडीकाठचं स्मशान गावकीकडे राहिलं आणि तिथलं लाकूड तुझ्याकडे. तुला कोणी नेमलं नव्हतं. दिवाळी झाली की पडलेलं, वठलेलं, कोणाच्या घरकामात तोडावं लागलेलं झाड तू शोधायचास. ओंडके करायचे, साल सोलायची, कुऱ्हाडीनं आणि पाचरीनं फोडून फाटी करायची, दगडांवर एक थर उभा, एक आडवा असा रचायचा, मधून वारा जाईल इतकी फट ठेवायची. महाशिवरात्रीला सगळा ढीग उलटा करायचा, खालचं वर, वरचं खाली. अक्षय्य तृतीयेला ते पत्र्याच्या शेडमध्ये. जो माणूस पावसात मरणार होता त्याची सोय तू थंडीत करून ठेवायचास, आणि तो माणूस कोण हे तुलाही ठाऊक नसायचं. या कामाबद्दल गावकी तुला गुढीपाडव्याला एक मानाचा नारळ आणि अकरा रुपये द्यायची. मी गावात आहे तेव्हापासून तेवढंच.

मी द्रोणागिरीच्या एका गोदामात वजनकाट्यावर काम करतो. भरलेल्या गाडीचं वजन, त्यातून रिकाम्या गाडीचं वजा, उरला तो माल. सव्वीस वर्षं हेच. म्हणून तू मला चारचौघांत काटेसाहेब म्हणायचास. लाकूड वाळलं की नाही हे तू दोन फाटी एकमेकांवर आपटून आवाजावरून सांगायचास, आणि मला ते पटायचं नाही. एका वर्षी मी तुझी परीक्षाच घेतली होती, आठवतं? पाच फाट्यांवर खडूनं आकडे घातले, ताणकाट्याला टांगून वजनं केली आणि दर रविवारी सकाळी येऊन पुन्हा करत राहिलो. पहिले दोन महिने वजन झरझर उतरलं, मग हळू, मग आणखी हळू. शिवरात्रीनंतर एका रविवारी तीन नंबरचं फाटं आदल्या रविवारइतकंच भरलं. सहा किलो चारशे, बरोबर सहा किलो चारशे. मी मोठ्या ऐटीत तुझ्याकडे आलो.

"काका, तीन नंबर वाळलं."

तू ते फाटं उलटं केलंस. मागच्या बाजूला कोळशानं फुली मारलेली होती.

"ही मी गेल्या रईवारी मारली. तुज्या काट्याला आज कळलं."

मी घरी जाऊन विचार केला आणि तुझंच खरं होतं. दोन रविवारी वजन सारखं भरलं, याचा अर्थच फाटं पहिल्या रविवारी वाळलेलं होतं. माझा आकडा बरोबर होता, फक्त आठ दिवस उशिरा आला. ही गोष्ट मी तेव्हा तुझ्यासमोर कबूल केली नाही. आज करतो.

गेल्या दिवाळीत तुला धाप लागायला लागली. तुझा नरेश तुला खांदा कॉलनीत त्याच्या घरी घेऊन गेला, तीन महिने ठेवलं. तू परत आलास तेव्हा माघ लागला होता आणि कुऱ्हाड उचलायला तुला डॉक्टरांनी मनाई केली होती. त्या वर्षी एकही झाड फोडलं गेलं नाही. शेडमध्ये आदल्या वर्षीचा एकच ढीग उरला, एका माणसापुरता.

मग पाडवा आला. मानाच्या नारळांची यादी मी केली. तुझ्या नावापुढे कामाचा रकाना असतो, तो या वर्षी रिकामा होता. जनार्दन म्हणाला, "अरं दे ना, एक नारल." मी म्हणालो, काम झालं नाही तर मान कसा लावायचा, उद्या दुसरा कोणी विचारेल. मी हे तुला स्वतः येऊन सांगितलं, कारण पाठीमागे असं काही करू नये असं माझं मत आहे. तू ओट्यावर बसला होतास. ऐकलंस, मान हलवलीस.

"बराबर हाय," एवढंच म्हणालास.

मला त्या वेळी बरं वाटलं. नियमाची गोष्ट ज्याला कळते असा माणूस, असंही वाटलं.

मे महिन्यात उरणच्या बाजूला रस्त्याच्या कामात झाडं तोडली जात होती. शिरीष आणि सुबाभूळ, तीन दिवसांपूर्वी तोडलेली. वाळलेलं लाकूड वखारीत आठ रुपये किलो होतं आणि हे पाच. मी गाडी मुद्दाम आमच्या काट्यावरून आणली, कारण विकणाऱ्याच्या वजनावर माझा विश्वास नव्हता. भरलेली सात हजार चारशे ऐंशी, रिकामी तीन हजार तीनशे साठ. एक किलोचीही फसवणूक झाली नाही. किलोमागे तीन रुपये वाचवले असं मी सभेत सांगणार होतो.

तू काठी टेकत आलास. एका ओंडक्याच्या कापलेल्या तोंडावर तळहात ठेवलास आणि तो माझ्या गालाला लावलास. गार, ओला.

"पानी ईकत घेतलंस रं वसंता."

"वाळेल ना काका. ऊन काय कमी आहे?"

"पंधरा दिसांचं ऊन. मे म्हैन्यात तोरलेलं लाकूर ह्या पावसाचं नसतं, पुडच्या पावसाचं असतं."

"मग या पावसात काय करायचं? शेडमध्ये एकच ढीग आहे."

"या पावसाला वखारीतून आठाचं आन. हे राहू दे दिवालीपर्यंत."

मी म्हणालो, एकाच वर्षात दोनदा लाकूड घेता येणार नाही. आणि ही गावकी चारचौघांची आहे, एकट्याची नाही. हे शेवटचं वाक्य बोलायची काही गरज नव्हती.

त्यानंतर मी ते लाकूड शेडच्या बाहेर रचलं. मजूर लावून, पण स्वतः उभं राहून. फोडायची मजुरी वाढत होती म्हणून जाड ओंडके तसेच ठेवले. मोजायला सोपं जावं म्हणून ओळी सारख्या, एकाला एक चिकटून. वर निळी ताडपत्री, चारी बाजूंनी दोरीनं आवळून, पावसाचा थेंब आत जाऊ नये म्हणून. तू एकदाच बघायला आलास.

"शालेतल्या पोरांसारका रांगेत उबा केलास त्यांना," तू म्हणालास. "आनि वर रजई. वारा कुठून खातील?"

तू ताडपत्रीची एक बाजू सोडायला लागलास, तेवढ्यात तुला खोकला आला आणि तू बसलास. मी तुला घरी सोडून आलो. ती बाजू मी परत बांधून टाकली.

पाच जुलैला बायजाआत्या गेली. तिला मूलबाळ नाही, भावकीतलं जवळचं कोणी नाही. मी जनार्दनला म्हणालो, नवीन लाकूड वापरू, जुना ढीग असू दे. तू दारात उभा होतास. तुझा आवाज चढलेला मी आयुष्यात त्या एकदाच ऐकला.

"तिच्या मागं बोलनारा कोन नाय म्हनून तिला वलं घालता? तिला सुकं द्या."

सुकं दिलं. पाऊस होता, पण चितेवरच्या पत्र्याखाली बायजाआत्या दोन-अडीच तासांत गेली, काही त्रास न देता. परत येताना मी तुला म्हणालो की आता फक्त माझं लाकूड उरलं. तू हसलास.

"मंग मी थांबतो दिवालीपर्यंत."

मीही हसलो. काका, मला त्या वेळी हसायला नको होतं. वखारीत जाऊन चारशे किलो सुकं लाकूड आणायला हवं होतं. बत्तीसशे रुपये झाले असते. हा हिशेब मला त्या दिवशी येत नव्हता असं नाही. सुबाभळीच्या ओंडक्यांवर पांढरी बुरशी चढलेली मी ताडपत्री उचलून पाहिली होती. पण पुन्हा लाकूड आणायचं म्हणजे पहिलं चुकलं हे सभेत सांगायचं, आणि मी म्हटलं, बघू. बघू हा शब्द माझ्या कामात मी कोणाला वापरू देत नाही.

तू बावीस जुलैला सकाळी गेलास. मंगळवार.

पुढचं तुला सांगायचं की नाही, हे मी बरेच दिवस ठरवत होतो. पण तू तिथे होतास, आणि लपवण्यासारखं माझ्याकडे काही उरलेलं नाही. दुपारी बाराला नरेशनं अग्नी दिला. तूप, कापूर, गोवऱ्या, सगळं पेटलं आणि विझलं. लाकडाच्या तोंडातून फेस यायला लागला, सूंऽऽ असा आवाज. धूर असा की पत्र्याखाली माणूस माणसाला दिसेना. पुन्हा पेटवलं. पुन्हा तेच. कोणीतरी डिझेल आणलं, ते भडकून जळून गेलं आणि खाली ओंडके काळे होऊन तसेच. कोणी टायर आणू म्हणालं. नरेश म्हणाला, "माझ्या बाबाला टायर नको," आणि पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं. त्यानं शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

जनार्दन डोळे पुसत म्हणाला, "हसू हट्टी. सही केली नाय, आता पेटत बी नाय."

दोन-चार जण हसले. मी हसलो नाही, पण मला राग आला नाही. ते खरं वाटलं.

इकडे बायका गावात होत्या. हिराकाकी दारात बसून स्मशानाच्या दिशेनं बघत होती. नंतर माझ्या सुनंदानं मला सांगितलं: पाऊण तास झाला तरी धूर पांढराच, तेव्हा काकी कपाळावर हात धरून पुन्हा एकदा बघून म्हणाली, "पान्याचा धूर हाय हा. लाकूर नाय जलत." मग ती उठली. ज्या बाईचा नवरा तासाभरापूर्वी नेला ती घरोघर जाऊन म्हणाली, घरात जे सुकं लाकूड असेल ते द्या.

पूर्वी आपल्याकडे मयत झालं की प्रत्येक घरातून एक लाकूड जायचं, हे तूच सांगायचास. तेव्हा प्रत्येक घरात चूल होती. आता गॅस आहे, लाकूड कुठून असणार? तरी आले. पावसातून एकेक जण येताना दिसला. जुन्या खिडकीची चौकट. मोडका पाळणा. मुसळ. कॅरमबोर्डाच्या कडा. एकानं माळ्यावरच्या सागवानी फळ्या उपटून आणल्या. हिराकाकीनं तुझीच खाट पाठवली, चारी पाय सोडवून. माझ्या घरात सगळं प्लायवूड. सुनंदानं दोन पाट दिले, पोळपाट दिला, आणि आमचा मुलगा आता पुण्याला नोकरीला असतो त्याची शाळेतली क्रिकेटची बॅट. सर्वांत आधी बॅटच पेटली. ते सगळं मी माझ्या हातानं ओंडक्यांच्या फटींत सारलं. चौतीस घरांतून आलं होतं. तीन वाजता धूर निळा झाला, मग दिसेनासा झाला. साडेसहापर्यंत तू गेलास. बायजाआत्याला अडीच तास, तुला साडेसहा.

तेराव्यानंतर मी एक गोष्ट केली. ताडपत्रीखालच्या एका ओंडक्यातून एक किलो लाकूड कापून घरी आणलं, बारीक चिरलं आणि मंद आचेवर मोठ्या तव्यात वाळवत ठेवलं. सुनंदाच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर तासातासानं वजन. ती म्हणाली, "आता हे कळून काय होणार?" मी म्हणालो, मला कळायला हवं. तिसऱ्या दिवशी वजन उतरायचं थांबलं. सहाशे दहा ग्रॅम. म्हणजे किलोमागे तीनशे नव्वद ग्रॅम पाणी, आणि तेही दोन महिन्यांनंतर. मे महिन्यात याहून जास्तच असणार. चार हजार एकशे वीस किलोंमध्ये सोळाशे सहा किलो पाणी, वर आठशे ग्रॅम. त्याची किंमत आठ हजार चौतीस रुपये. उरलेल्या खऱ्या लाकडाचा भाव पडला किलोला आठ रुपये वीस पैसे. वखारीपेक्षा वीस पैसे महाग.

सव्वीस वर्षं मी गाडीचं वजन वजा करत आलो. लाकडातलं पाणी वजा करायला विसरलो. तू ते नुसता तळहात ठेवून केलं होतंस.

दहा ऑगस्टच्या सभेत हे सगळं मी आकड्यांसकट वाचून दाखवलं. आठ हजार चौतीस रुपये माझ्या खिशातून गावकीत भरले. जनार्दन म्हणाला, "वसंता, कशाला? कोनी मागितले का?" कोणी मागितले नव्हते. त्यातून वखारीतून हजार किलो सुकं लाकूड आणलं, चौतीस रुपये उरले. राहिलेलं ओलं लाकूड मी ताडपत्रीखालून बाहेर काढलं. आता ते फोडतो आहे. मजूर नाही लावला. मला नीट जमत नाही, पाचर तिरकी जाते, हाताला फोड आले आहेत. एक थर उभा, एक आडवा, मधे फट, वर फक्त पत्रा, बाजू मोकळ्या. एका फाट्यावर खडूनं एक नंबर घातला आहे. रोज सकाळी वजन करतो. काल पाच किलो नऊशे, आजही पाच किलो नऊशे. पण आपटलं तर थप्प वाजतं. वजन स्थिर आहे आणि लाकूड ओलं आहे, दोन्ही खरं, कारण हवाच ओली आहे. या वेळी मी आवाजावर विश्वास ठेवला. दिवाळीपर्यंत थांबणार.

काल पंधरा ऑगस्टची सुट्टी होती. पाडव्याला अडवलेला तुझा मान माझ्या डोक्यातून जात नव्हता, म्हणून एक नारळ आणि अकरा रुपये घेऊन तुझ्या घरी गेलो. हिराकाकी लसूण सोलत होती. मी ते तिच्यापुढे ठेवलं.

"यो कसला नारल?"

"पाडव्याचा, काकी. काकाचा."

"पाडव्याचा तर दिला व्हतास तू. त्यानं आनला ना घरी. अकरा रुपये देवापुडं ठेवले, नारल फोरला. बोल्ला, गावकीनं दिला."

मला क्षणभर काही कळलं नाही. मग कळलं. तू माझं ऐकून घेतलंस, बराबर हाय म्हणालास, काठी टेकत बाजारात गेलास, स्वतःच्या पैशानं नारळ घेतलास आणि घरी येऊन सांगितलंस की गावकीनं दिला.

मी गप्प बसलो असतो तर काकीला कधीच कळलं नसतं. पण एवढ्या सगळ्यानंतर आणखी एक गोष्ट झाकून ठेवायची ताकद माझ्यात नव्हती. सांगितलं. काम झालं नाही म्हणून मी तो दिला नव्हता. काकीच्या हातातली लसणाची पाकळी तशीच राहिली.

"चालीस वर्सांत मना खोटं बोल्ला नाय तो," ती म्हणाली. "बोल्ला तो तुज्यासाटी."

 तिनं नारळ आणि मी ठेवलेले अकरा रुपये माझ्याकडे सरकवले.

"यो घरी ने. पाडव्याला कितीला व्हता नारल?"

"पंचेचाळीस." बाकीच्या मानाचे मीच घेतले होते, भाव पाठ होता.

"मंग त्यानं भरले ते दे. पंचेचाळीस आनि अकरा."

मी खिशात हात घातला. पन्नासाची एक नोट, पाचाचं एक नाणं, रुपयाचं एक. छप्पन्न रुपये, हिराकाकीला. तिनं मोजून घेतले.